आक्कानं उतरवलं नाही

रविवारची दुपार होती. गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या परतत होते, तेवढ्यात फोन वाजला. यल्लाप्पा अण्णांचा. अण्णा माझ्या मामाचे जोडीदार. सोंगी भजनाच्या मंडळात ते ढोलकी वाजवायचे, आणि बेळगावात उद्यमबागेच्या मागच्या अंगाला एका खोलीत ते आणि मामा कित्येक वर्षं एकत्र राहायचे. अण्णा आपणहून कधी फोन करत नसत. मी "बोला अण्णा" म्हटलं. ते म्हणाले, "आक्का गेली गं, रेखाबाय."

कोण आक्का, असं मी विचारलं नाही. आक्का म्हणजे माझा म्हादूमामा. मिरच्या तशाच टाकून मी निपाणीच्या स्टँडवर आले आणि बेळगावची गाडी धरली. रडू येत नव्हतं. संकेश्वर मागं पडल्यावर अण्णांचं ते वाक्य पुन्हा कानात वाजलं आणि त्यातला 'आक्का' हा शब्द तेव्हा कुठं लागला. मंडळाचा एक नियम होता. बाईचं सोंग घेतलेल्या माणसाच्या अंगावर लुगडं आहे तोवर त्याला त्याच्या नावानं हाक मारायची नाही. तोवर ती आक्का. लुगडं उतरलं की पुन्हा म्हादू. हा नियम अण्णांनी आयुष्यात मोडला नव्हता. म्हणजे मामा गेला तेव्हा त्याच्या अंगावर लुगडं होतं… आणि त्या दिवशी तर कुठं कार्यक्रमही नव्हता.

सोंगी भजन आमच्या बेळगाव-निपाणीकडं आणि पलीकडं कोल्हापूरकडं सगळ्यांना ठाऊक असतं. देवळापुढं टाळ, पेटी, ढोलकी घेऊन मंडळ बसतं, सुरुवातीला दोन-चार अभंग अगदी सोवळ्यात होतात, आणि मग पडद्याआडून एकेक सोंग बाहेर येतं. बायकाही पुरुषच. लोक पोट धरून हसतात, बायका पदर तोंडाला लावून हसतात, शेवटी आरती होते आणि सगळं पुन्हा देवाच्या पायाशी जातं. त्यामुळं काहीही चावट बोललेलं चालतं. मामा त्या मंडळाची बाई होता. दिवसा उद्यमबागेत एका कारखान्यात लेथ मशीनवर काम करायचा, आणि जत्रांचे दिवस आले की पिशवीत इरकल लुगडं घालून खानापूर, नंदगड, पार कणकुंबीपर्यंत मंडळाबरोबर फिरायचा.

ते इरकल माझ्या आईचं. जांभळं, लाल पदराचं. आई मी चार वर्षांची असताना तापानं गेली. मला तिचा चेहरा आठवत नाही. फोटो एकच, तोही लग्नातला, त्यात मुंडावळ्यांखाली कोण आहे ते देवालाच माहीत. मी आजोळी, खानापूरजवळच्या गावात वाढले. पहिलीत असेन तेव्हा गावच्या जत्रेत मी पहिल्यांदा मामाचं सोंग पाहिलं. पडद्याआड बांगड्या वाजल्या. तो नेहमी आधी बांगड्या वाजवायचा, ढोलकी थांबायची, आणि मग बाहेर यायचा. जांभळं इरकल नेसलेली एक बाई बाहेर आली, डाव्या हाताच्या दोन बोटांनी पदर खांद्यावर सारखा केला, मान किंचित वाकडी करून हसली… आणि मी किंचाळले, "आये!" मला चेहरा आठवत नव्हता, पण ती चाल, ते पदर सारखं करणं माझ्या कुठल्यातरी हाडात शिल्लक होतं. मी धावत जाऊन तिच्या पायांना मिठी मारली.

लोकांना वाटलं हेही सोंगातलंच. हशा उसळला. मामानं काय करावं? त्यानं मला उचलून कडेवर घेतलं, समोर ढोलकी बाजूला ठेवून नवऱ्याच्या सोंगात बसलेल्या यल्लाप्पा अण्णांकडं बोट दाखवलं आणि म्हणाला, "बघ गं बाय, ह्यो तुझा बा. मिशी बगून लगीन केलं, मिशीबी चिकटवलेली निघाली!" माणसं लोळायची बाकी राहिली. सगळा वग त्यानं मला कडेवर घेऊनच केला. आरतीनंतर मागं गेल्यावर बाकीचे तोंडं धुऊ लागले, पण तो लुगड्यातच बसून राहिला. मी झोपेपर्यंत त्यानं ते उतरवलं नाही. मी तुझा मामा आहे, असंही म्हणाला नाही. त्या रात्री मी आईच्या मांडीवर झोपले, असंच मी आजवर समजत आले आहे.

पुढं दर जत्रेला मी आईला बघायला जायचे. हे मोठं विचित्र बालपण होतं, पण मला त्यात काही कमी वाटलं नाही. बाकी पोरींची आई रोज भेटायची, माझी जत्रेत भेटायची आणि अख्ख्या गावाला हसवायची. घरी मामा मला चालायला शिकवायचा. मी पाय आपटत चालायचे. तो म्हणायचा, "जमिनीवर राग हाय व्हय तुझा?" पदर कसा घ्यायचा, बसताना निऱ्या कशा सावरायच्या, हे सगळं मला मामानं शिकवलं. आजी बघून न बघितल्यासारखं करायची. आणि कुणा पै-पाहुण्यानं खवचटपणे विचारलंच, की म्हादबाचं लगीन कधी, तो असा का, तर घरचं उत्तर ठरलेलं होतं : "भणीवर लई जीव हुता त्याचा. तिच्या आठवणीपायी करतोय." थोरले मामा, म्हणजे मामाचे मोठे भाऊ, हे उत्तर इतक्या घाईनं द्यायचे की पाहुण्याचा प्रश्न अर्धाच राहायचा. मीही कॉलेजात मैत्रिणींना हेच सांगायचे. ऐकताना सगळ्यांचे डोळे पाणावायचे. सोयीचं उत्तर होतं ते.

मग एकदा, बी.एड.ला असताना, मी त्याच्या खोलीवर गेले होते. तो तांदूळ निवडत होता. मी म्हणाले, "मामा, आईची आठवण म्हणूनच करतोस ना तू हे?" त्यानं सुपातून मान वर केली आणि असा हसला, की मला वाटलं आता खडा डोक्यात मारतोय.

"तुझ्या आईनंच पयल्यांदा नेसवलं मला," तो म्हणाला. "ती जित्ती असताना. मी नववीत. दार लावून आरशापुढं उभा केलं आनि म्हनली, म्हाद्या, तुला तर माझ्यापरास शोभतंय."

"मग ही चाल? ही आईचीच ना?"

तो पुन्हा सुपाकडं वळला. "आमी दोघं एकाच आरशात बगत वाढलो, बाय. चाल तिची मी उचलली का माझी तिनं, आमालाच ठावं नव्हतं."

मला त्या दिवशी राग आला होता, खोटं कशाला सांगू. माझी आई त्यानं वाटून घेतली असं वाटलं. मग हळूहळू उलटं वाटायला लागलं. घरात त्याला कुणी ओळखत नव्हतं असं नव्हतंच. एकीनं ओळखलं होतं, दार लावून का होईना, आणि ती माझी आई होती. या गोष्टीचा मला अजून अभिमान वाटतो.

त्याचा गाजलेला वग म्हणजे 'नवऱ्याची शिकवणी'. नवरा यल्लाप्पा अण्णा. भलीमोठी मिशी लावलेला, पण बायकोपेक्षा लाजाळू. सासरची माणसं यायची असतात, आणि आक्का त्याला मर्द व्हायला शिकवते. "आसं न्हवं. पाय फाकून बस. जागा तुझ्या बाची हाय! खाकर. आजून मोठ्यानं. काय येत नसंल तर वरडायचं, ठावं हाय न्हवं?" अण्णा खाकरायचे आणि मिशी गळून पडायची. पुढच्या रांगेत पाय पसरून बसलेले गावचे कारभारी हसता हसता आपापले पाय हळूच जवळ घ्यायचे, ते मी स्वतः पाहिलं आहे. कुणा पोरानं शिट्टी मारलीच, तर आक्का तिथूनच म्हणायची, "ये की वर! शिट्टीला त्वांड हाय, वर यायला पाय न्हाईत व्हय?" पोरगा गर्दीत दिसेनासा व्हायचा.

ती शिकवणी मामा स्वतःच्याच अनुभवावर करायचा, हे मला नंतर उमगलं. कारखान्यात जाताना तो कानामागं बिडी अडकवायचा. निपाणीची बिडी, मीच नेऊन द्यायचे, पण जन्मात त्यानं ती ओढली नाही. धुरानं ठसका लागायचा त्याला. मिशी नसल्याबद्दल पोरं चिडवायची तर "भजनाला लागतंय रं" म्हणून वेळ मारून न्यायचा. मी एकदा शहाणपणा करून म्हणाले, म्हणजे खरं सोंग दिवसाचंच की. वाटलं, शाळेतल्या मोठ्या बाईंसारखं बोलले. तर तो वैतागला. "तुमा शिकलेल्यांना एक खोटं ठरवल्याबिगार झोप येत न्हाय. लेथवर बोट कापलं तर दुखतंय ते काय म्हादूला न्हाय दुखत? दोन्ही मीच हाय की गं."

आणि अण्णा… मूळचे गोकाककडचे, घरात कानडी बोलणारे, मामाशी मराठी. एक खोली, एक चूल, दोरीवर दोघांचे सारखेच निळे शर्ट. लोक म्हणायचे, दोघं सडेफटिंग, भाडं वाचतं. लोकांना असं एखादं उत्तर मिळालं की ते पुढं खोदत नाहीत, आणि मला वाटतं आमच्याकडं कितीतरी माणसांचे संसार अशा एका उत्तराच्या आडोशानं सुखात पार पडतात. माझ्या लग्नात अण्णांनी मामाच्या जोडीनं उभं राहून माझ्यावर अक्षता टाकल्या. मी नमस्कार दोघांना एकदमच केला. एवढंच. ते पुरेसं होतं.

त्या रविवारी मी खोलीवर पोचले तेव्हा थोरले मामा माझ्याआधी आले होते. त्यांना खानापूरहून बेळगाव जवळ. मामाला कोरं धोतर नेसवलं होतं, डोक्यावर टोपी, कपाळाला बुक्का. इतका पुरुष तो जिवंतपणी कधी दिसला नव्हता. भिंतीशी सूप होतं, त्यात निम्मे तांदूळ निवडलेले, निम्मे तसेच. थोरल्या मामांनी मला कोपऱ्यात नेऊन एक प्लास्टिकची पिशवी हातात दिली. आत ते इरकल, कसंतरी गोळा करून कोंबलेलं.

"तुझ्या आईचं हाय. घिऊन जा," ते म्हणाले. "आनि कुनाला काय बोलू नगंस. लोकं येत्यात." वाईट माणूस नाही हो ते. आयुष्यभर एका प्रश्नाला घाबरत जगले, आणि आता भाऊ जाताजाता उत्तरच नेसून बसला होता.

अण्णा बाहेर पायरीवर बसले होते. मूठ घट्ट मिटलेली. उघडली तर आत हिरव्या काचा. थोरल्या मामांनी लुगडं ओढून काढलं, पण बांगड्या मनगटावरून निघेनात, म्हणून फोडल्या. आमच्याकडं नवरा गेला की बायकोच्या बांगड्या फोडतात. इथं गेलेल्याच्याच फुटल्या होत्या आणि मागं राहिलेला पायरीवर बसून त्यांचे तुकडे सांभाळत होता. त्यांनी मला सगळं सांगितलं. कारखान्यातलं काम सुटल्यापासून दर रविवारी आक्का लुगडं नेसायची. कार्यक्रम नसला तरी. झाडलोट करायची, तांदूळ निवडायची, संध्याकाळी उतरवून घडी घालायची. त्या दिवशी निवडता निवडता भिंतीला टेकली. "मला वाटलं डोळा लागला."

मग माझ्याकडं बघून म्हणाले, "आक्कानं उतरवलं न्हाय गं."

मंडळाचा दुसरा नियम मी आधी सांगायला हवा होता. सोंग ज्यानं घेतलं त्यानंच उतरवायचं. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. मोठा ताप भरलेला असला तरी मामा स्वतःच्या हातानं निऱ्या सोडायचा, लुगड्याची घडी ढोलकीपुढं ठेवून नमस्कार करायचा. दुसऱ्यानं उतरवलं तर सोंग जात नाही, तिथंच घुटमळत राहतं, असं जुनी माणसं सांगायची. मी शाळेत विज्ञान शिकवते. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरी मी त्या पायरीवर अण्णांशेजारी बसले.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला नदीवर सगळे जमलो. थोरल्या मामांनी मामाच्या आवडीचं म्हणून केळीच्या पानावर भात, वडे आणि एक बिडीचं बंडल ठेवलं. बिडी बघून मला हसू फुटलं आणि त्या पाठोपाठ, त्या दिवसांत पहिल्यांदाच, रडू. कावळा लगेच शिवला. ताटकळत ठेवलं नाही. थोरल्या मामांनी हात जोडले, "सुटला बिचारा." माझ्या शेजारी उभे असलेले अण्णा फक्त मला ऐकू जाईल इतकं म्हणाले, "म्हादूचा कावळा शिवला. आक्काचं काय?"

ते इरकल मी कपाटात ठेवलं. तेव्हापासून घर नीट लागेना. कपाट उघडलं की खोबरेल आणि पावडरचा तो वास यायचा, धुऊनही जाईना. भांडी घासताना माझ्याच बांगड्या वाजायच्या आणि हात थांबायचे. वाटायचं, आता ढोलकी थांबेल आणि कुणीतरी मागून पुढं येईल. एकदा आरशापुढून जाताना मान किंचित वाकडी झालेली दिसली आणि क्षणभर कळेना ती कुणाची. भीती वाटायची असं म्हणणार नाही. कुणीतरी घरात थांबलंय आणि आपण त्याला बस म्हणत नाही आहोत, तशी लाज वाटायची.

असे काही आठवडे गेले आणि अण्णांचा पुन्हा फोन आला. "रेखाबाय, आक्का येऊन बसते गं सुपापाशी. काय बोलत न्हाय. लुगडं मागालीय जनू." मी थोरल्या मामांना सांगितलं की मी इरकल अण्णांना देऊन येते. ते भडकले. "त्या यल्ल्याचा काय संबंध? तुझ्या आईची येवढी एकच वस्तू ऱ्हायलीया, ती त्याला दिलीस तर लोकं काय समजायचं ते समजतील!" त्यांच्या बोलण्यातलं पहिलं वाक्य मला लागलं नाही. दुसरं लागलं. आईचं खरंच तेवढंच उरलं होतं. ते दिलं की माझ्याकडं तिचं काही नाही, ना चेहरा, ना कापड. दोन दिवस मी पिशवी काढून ठेवत होते आणि परत कपाटात टाकत होते. शेवटी मी त्यांना म्हणाले, "लोकांनी काय समजायचं ते समजू दे मामा. बरोबरच समजतील."

पुढच्या रविवारी मी ते इरकल नेसले. पिशवीत माझा ड्रेस घेतला आणि बेळगावची गाडी धरली. उद्यमबागेच्या स्टॉपवर उतरले, रविवार म्हणून रस्ता मोकळा होता. खोलीपाशी आल्यावर चाल आपोआप बदलली, मी मुद्दाम बदलली नाही. दारात थांबले. बांगड्या वाजवल्या. आत अण्णा ढोलकीची दोरी ओढत बसले होते. त्यांचा हात थांबला.

त्यांनी मला रेखाबाय म्हटलं नाही. लुगडं अंगावर होतं. उठून उभे राहिले, सुपाकडं हात केला आणि म्हणाले, "बस आक्का."

मी बसले. तांदूळ निवडायला लागले. अण्णा समोर बसून बोलत राहिले, थोडं मराठीत, बरंचसं कानडीत. काय बोलले ते सगळं मला कळलं नाही, आणि जे कळलं ते माझ्याशी नव्हतं, म्हणून लिहीत नाही. सूप निवडून झालं. मग मी आत मोरीत गेले, स्वतःच्या हातानं निऱ्या सोडल्या, ड्रेस घातला, इरकलाची घडी केली आणि बाहेर येऊन ढोलकीपुढं ठेवली. नमस्कार केला. "अण्णा, उतरवलं," म्हणाले.

ते बराच वेळ घडीवर हात फिरवत होते. मग हसले, मिशी गळाल्यावर वगात हसायचे तसे. "मला काय पोर समजलीस व्हय, रेखाबाय? तू तुझं उतरवलंस. आक्कानं कुठं उतरवलंय?"

मी म्हणाले, "मग आता काय करायचं?"

त्यांनी घडी उलगडली, खाटेच्या भिंतीकडच्या अर्ध्या भागावर ते इरकल नीट अंथरलं आणि कोपऱ्याची सुरकुती हातानं साफ केली. "असू दे," म्हणाले. "मी कुठं तिला जा म्हनालोय?"

चहा घेऊन मी निघाले. परतीच्या गाडीला गर्दी होती, संकेश्वरपर्यंत उभीच होते. निपाणीच्या स्टँडवर उतरताना मागून कुणाचातरी धक्का लागला आणि माझा डावा हात खांद्याकडं गेला, दोन बोटांनी पदर सारखा करायला. अंगावर ड्रेस होता. पदर नव्हताच.